देवी, गाय आणि गिलरे

डॉक्टरांची थट्टा माणूस कोणत्या मुहूर्तावर करतो, हे पाहण्यासारखे असते. दुखणे ऐन भरात असते तेव्हा तो हात जोडतो. उतार पडला की बिलाचा कागद उलटसुलट करून पाहतो. आणि पुरता बरा झाला, म्हणजे चारचौघांत मांडी घालून डॉक्टरांचे किस्से सांगू लागतो. ही रीत सर्व देशांत सारखीच असावी. पण अठराव्या शतकातल्या इंग्रजांनी तिचा रीतसर धंदा केला. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचे, रेघांत शाई भरून कागदावर ठसा काढायचा, तो हाताने रंगवायचा आणि दुकानाच्या काचेत लावायचा. घ्यायला पैसे लागत. पाहायला काही लागत नसे.

ही दुकाने पाहायला लोक कसे जमत, हे जेम्स गिलरेने १८०८ साली कोरलेल्या एका चित्रातच दिसते. लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवरचे मिस हम्फ्री यांचे दुकान. समोरच्या निसरड्या रस्त्यावर एक गृहस्थ सपशेल आपटले आहेत. खिशातली नाणी सांडली आहेत, पण हातातले थर्मामीटर मात्र त्यांनी जिवापाड सांभाळले आहे. आणि मागे उभी असलेली मंडळी? त्यांचे डोळे काचेतल्या चित्रांवर खिळलेले! समोर खराखुरा माणूस पडला आहे, याची कुणाला दादही नाही. गिलरे याच दुकानाच्या माडीवर राहत असे, तेव्हा आपल्या गिऱ्हाइकांची त्याला चांगलीच पारख असणार.

त्याच्या आधीचा थोर चित्रकार विल्यम हॉगार्थ. १७३६ साली त्याने वैद्यांवर एक चित्र कोरले आणि त्याला नाव दिले ‘प्रेते पुरणाऱ्यांची मंडळी’. घरंदाज सरदाराच्या मानचिन्हासारखी एक ढाल. तिच्यावर खालच्या बाजूला भलेमोठे टोप घातलेले बारा वैद्य. काठीची मूठ नाकाशी धरून ते गंभीरपणे विचारात पडले आहेत. एक जण तर रोग्याच्या लघवीच्या भांड्यात बोट बुडवून परीक्षा करतो आहे. त्यांच्या डोक्यावर त्या काळची त्रिमूर्ती: डोळ्यांवर इलाज करणारा जॉन टेलर, हाडे बसवणारी मॅपबाई आणि अँटिमनीच्या गोळ्या खपवणारा जोशुआ वॉर्ड. यातल्या टेलरने पुढे १७५० साली जर्मन संगीतकार बाख याच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया केली. बाखची दृष्टी गेली आणि त्याच वर्षी तो वारलाही. अशा माणसांना हसू नये तर काय करावे? ज्याच्या हातात ना विद्या ना अधिकार, त्या रोग्याला हसणे हे एकच शस्त्र उरते.

पण हे शस्त्र आंधळे असते. हे मला कळले ते गिलरेच्याच दुसऱ्या एका चित्रावरून. लंडनच्या वेलकम संग्रहालयाने अशी हजारो जुनी चित्रे आता इंटरनेटवर सर्वांना खुली केली आहेत, त्यामुळे घरबसल्या पाहता येतात. चित्र १८०२ सालचे आहे. सहा वर्षांपूर्वी, १४ मे १७९६ रोजी, एडवर्ड जेन्नरने सेरा नेल्म्स या गवळणीच्या हातावर आलेल्या गाईच्या देवीतला द्रव घेऊन जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाला टोचला होता. पुढे खऱ्या देवीचा द्रव टोचूनही त्या मुलाला देवी आल्या नाहीत. गिलरेने काढले आहे ते या नव्या टोचणीचे ‘अद्भुत परिणाम’. देवीच्या इस्पितळात एकच गर्दी झाली आहे. मधोमध खुर्चीवर एक बाई, तिचा दंड धरून जेन्नर उभा. आणि भोवती ज्यांना आधीच टोचले आहे त्या मंडळींच्या अंगातून गाई बाहेर पडताहेत! कुणाच्या दंडातून, कुणाच्या गालातून, कुणाच्या तोंडातून. कुणाला शिंगे फुटली आहेत. पाहता पाहता हसू फुटतेच.

पण हे हसू अंगाशी येणारे होते. कारण गिलरेने गमतीने काढले, तेच शहाणी माणसे गंभीरपणे सांगत होती. विल्यम रोली या डॉक्टराने १८०५ साली लशीविरुद्ध पुस्तक काढून त्यात बैलाच्या तोंडाच्या मुलाचे रंगीत चित्र छापले. चित्रकलेने दुसरी बाजूही घेतली, हे सांगायला हवे. १८०८ साली आयझॅक क्रूकशँकने लशीच्या विरोधकांनाच समाजातून हाकलून देणारा जेन्नर काढला. त्या विरोधकांच्या पायांशी प्रेते पडलेली दाखवली आहेत.

गिलरेच्या त्या चित्राखाली तारीख आहे १२ जून १८०२. योगायोग असा, की अवघ्या दोन दिवसांनी, १४ जूनला, आपल्या मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर हिंदुस्थानातली पहिली यशस्वी लस टोचली गेली. लांबच्या उन्हाळी प्रवासात लस वाळून निकामी होई. म्हणून ती एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी बगदाद आणि बसऱ्याहून मुंबईला आली. मुंबईहून पुढे ती पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास अशी गेली. लंडनमध्ये लोक काचेपुढे हसत होते, आणि इकडे एका पोरीच्या दंडावरचा फोड साऱ्या देशाला पुरणार होता.

तरीही मी गिलरेवर रागावू शकत नाही. त्याचे कारण माझी आजी. तिच्या कोकणातल्या गावी देवीडॉक्टर यायचा म्हटले की आया पोरांना लपवीत. गाईच्या अंगातले काढून पोराच्या अंगात घालतात, शीतळादेवी कोपते, असे सारा गाव बोले. आजीने आपली थोरली लेक भाताच्या कणगीमागे लपवली. पुढच्या वर्षी गावात देवीची साथ आली आणि चार वर्षांची ती पोर गेली. त्यानंतर माझे वडील सहा महिन्यांचे असताना आजी त्यांना कडेवर घेऊन दोन कोस चालत स्वतः देवीडॉक्टराकडे गेली. आजी सांगे, ‘हात कापत होते रे माझे.’ तो माणूस तिला हसला नाही, रागावलाही नाही. त्याने सदऱ्याची बाही वर केली आणि आपल्या दंडावरचा वण दाखवला. ‘आई, हा बघा. मला कुठे शिंगे आली?’ इतकेच म्हणाला.

म्हणून ते चित्र पाहताना मी आता गाईंकडे फारसा पाहत नाही. खुर्चीतल्या बाईचा चेहरा पाहतो. ती मूर्ख नाही, दुष्ट तर मुळीच नाही; ती भ्यालेली आहे. गिलरेला लस कळली नाही, पण भीती मात्र नेमकी दिसली. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने देवीचा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. तो नाहीसा झाला तो लशीने खराच. पण ती लस घरोघर पोचवायला भ्यालेल्या आयांसमोर बाही वर करून बसणारी माणसे लागली. त्यांची चित्रे कुणी काढली नाहीत. आमच्या पिढीच्या दंडावर मात्र त्यांनी आपली खूण ठेवली आहे. नातवंडांचे दंड अगदी कोरे आहेत, आणि ते कोरे आहेत याचे श्रेयही त्यांचेच.