नशिबाची मागची बाजू

बंद पडलेलं यंत्र आधी कानाने तपासावं, मग हाताने. मल्टीमीटर सर्वांत शेवटी. बॅली कंपनीचं साठच्या दशकातलं स्लॉट मशीन दुरुस्तीला आलं की हा क्रम विशेष पाळावा लागतो, कारण ते यंत्र सतत बोलत असतं. नाणं आत पडतं, पत्र्याच्या वाटेने घरंगळत जातं आणि जाता जाता एका बारीक तारेला ढकलतं. स्विच दबतो, रिले म्हणजे विजेने ओढला जाणारा स्विच ओढला जातो, दांड्याची अडक सुटते. दांडा खाली खेचला की स्प्रिंगा ताणल्या जातात आणि तिन्ही चाकं उसळून फिरू लागतात. मग डावीकडून एकेक चाक थांबतं: खट्, खट्, खट्. मधला आवाज रेंगाळला तर पाठ उघडण्याआधीच कळतं की दुसऱ्या चाकाकडे बघायचं आहे.

या यंत्रांचा वंश सॅन फ्रान्सिस्कोचा. बव्हेरियातून तिथे आलेल्या चार्ल्स फे या कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘लिबर्टी बेल’ घडवलं. तीन चाकं आणि त्यांवर घोड्याची नाल, चौकट, इस्पिक, बदाम आणि घंटा. तीन घंटा ओळीत आल्या की पाच सेंटांची दहा नाणी बाहेर पडत. त्यात विजेचा संबंध नव्हता. सगळा कारभार स्प्रिंगांचा आणि खाचांचा. 1906 च्या भूकंपात आणि त्यामागून आलेल्या आगीत फे यांचा कारखाना गेला, पण त्यांची तीन चाकं पुढच्या पिढ्यांनी उचलली. शिकागोच्या बॅली कंपनीने 1963 मध्ये ‘मनी हनी’ तयार केलं तेव्हाही दांडा आणि चाकं तशीच ठेवली. हिशेब मात्र विजेकडे सोपवला, आणि तळाशी मोटरवर फिरणारा हॉपर, म्हणजे नाणी सोडणारं भांडं, बसवला. नोकर न बोलावता 500 नाण्यांपर्यंतचं बक्षीस तो हॉपर स्वतः मोजून देई.

मी राहतो त्या कॅलिफोर्नियात 25 वर्षांहून जुनं यंत्र, त्यावर जुगार खेळला जात नसेल तर, बाळगायला कायद्याची मोकळीक आहे. म्हणून अशी यंत्रं इथल्या गॅरेजांतून तग धरून आहेत. माझ्या बाकावर येतात तेव्हा बहुतेकांना मोठा आजार नसतो. वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नसतो, एवढंच.

पाठ उघडावी आणि चाकांचा सांगाडा बाहेर ओढावा. प्रत्येक चाकाच्या बाजूला दातेरी तबकडी असते. तिच्या खाचेत एक पोलादी बोट पडतं आणि चाक जागच्या जागी थांबतं. त्या बोटाच्या खिळीत कुणीतरी कधीकाळी सढळ हाताने भरलेलं ग्रीस आता डिंकासारखं चिकट झालेलं असतं. बोट खाली यायला क्षणभर उशीर करतं. तोच तो रेंगाळलेला आवाज. इथे आणखी तेल ओतू नये. खीळ सुटी करावी, जुनं ग्रीस अल्कोहोलने पूर्ण पुसून काढावं, आणि सुईच्या टोकावर मावेल एवढंच तेल द्यावं.

चाकाच्या मागे असतात वायपर, म्हणजे पितळी पत्तीची लवचिक बोटं. चाक जिथे थांबेल त्या जागेवरचा संपर्कबिंदू ही बोटं शोधतात. पहिल्या चाकातून निघालेली वीज दुसऱ्यातून, मग तिसऱ्यातून जाते. तिन्ही ठिकाणी वाट जुळली तरच बक्षिसाचा रिले ओढला जातो. समोर तीन घंटा दिसताहेत आणि नाणी पडत नाहीत, अशी तक्रार आली की दोष बहुधा या पितळावर साठलेल्या काळ्या थरात सापडतो.

उलटी तक्रारही येते: हॉपर थांबतच नाही, नाणी पडतच राहतात. बाहेर पडणारं प्रत्येक नाणं एक स्विच दाबतं आणि त्या ठोक्यावर मोजणी एक घर पुढे सरकते. ठरलेलं घर आलं की मोटरची वीज तुटते. स्विचची पत्ती वाकली तर ठोका पोचत नाही. यंत्र बिचारं पहिल्याच नाण्याची वाट बघत देत राहतं. पत्ती केसभर वळवली की ते पुन्हा बरोबर मोजतं.

या कामाने मला जी गोष्ट शिकवली, ती अशी: या यंत्रात जे दिसतं तेच निर्णय घेतं. चाकाला किती जोर मिळाला, ते कुठे थांबलं, बोट कुठल्या खाचेत पडलं, एवढ्यावर सगळं ठरतं. चाकावर 20 थांबे असतील तर तीन चाकांच्या 8000 जोड्या होतात. 22 असतील तर 10,648. तिन्ही चाकांवर मोठ्या बक्षिसाचं चिन्ह एकेकदाच असेल, तर त्यांतली एकच जोडी तुमची. हे गणित कुणीही चाकाच्या पट्टीवर बोट ठेवून मोजू शकतो. जुगाराने घरादाराची राखरांगोळी होते, हे महाभारतापासून आपल्याला ठाऊक आहे. पण शकुनीचे फासे फोडून बघायची सोय धर्मराजाला नव्हती. इथे मागचं दार उघडतं, आणि मालकाचा फायदा किती, खेळणाऱ्याला आशा किती, हे पितळात आणि तांब्यात समोर दिसतं.

पुढे ही सोय गेली. इंगे टेल्नेस या संशोधकाला 1984 मध्ये अमेरिकेत एक पेटंट मिळालं. त्या रचनेत निकाल आधी संगणकातला यादृच्छिक आकडा ठरवतो, आणि चाक नंतर त्या निकालापाशी आणून थांबवलं जातं. समोर 22 थांबे दिसले तरी आतल्या हिशेबात कितीतरी अधिक असू शकतात. आपल्याकडे गोव्यात 1992 च्या कायदादुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनना परवानगी मिळाली, तीही इलेक्ट्रॉनिक यंत्रांनाच. या पिढीची तपासणी प्रयोगशाळेत होते. खेळणाऱ्याला चाक फक्त बातमी सांगतं.

म्हणून जुनी यंत्रं चालू स्थितीत राहिली पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं. कपाटात सजवून ठेवलेलं यंत्र सुंदर दिसेल, पण चालत्या यंत्रातच मुलांना दाखवता येतं की निर्णय नावाची गोष्ट एका दात्यावर आणि एका पत्तीवर कशी उभी असते. तुमच्या हाती असं यंत्र आलं तर आधी प्लग काढा. आत ट्रान्सफॉर्मरपर्यंत 120 व्होल्ट येतात. रिलेच्या चांदीच्या पॉइंटवर सँडपेपर चालवू नका. चांदी गेली की परत येत नाही, साध्या जाड कागदाची पट्टी बहुतेक वेळा पुरते. कुठलीही वायर तोडण्याआधी खूण करा. आणि दाराच्या आत चिकटवलेला वायरिंगचा नकाशा सापडला, तर त्याची प्रत काढून दुसऱ्या दुरुस्ती करणाऱ्याला द्या. सुटा भाग पुन्हा घडवता येतो. हरवलेला नकाशा घडवणं फार कठीण.