जुहर थांबते, मग स्लॅब का नाही?

गेल्या वर्षी मे महिन्यात उमरखेडच्या आमच्या घरावर वरची खोली बांधायला काढली. जूनमध्ये मुलीचा निकाह होता. पाऊस लागायच्या आत स्लॅब व्हावा, एवढेच माझ्या डोक्यात होते. त्या दिवशी मिक्सर मशीन यायला उशीर झाला. मिस्त्रीचाचा म्हणाले, "मॅडम, उद्या फजरनंतर सुरू करू. आज दुपार अंगावर येईल." मी म्हणाले, "नको चाचा, आजच उरकून टाका."

स्लॅबचे काम एकदा सुरू झाले की मध्येच सोडता येत नाही. आधीचा माल आवळला की नव्या मालाशी सांधा नीट बसत नाही आणि पुढे तिथूनच पाणी गळते. त्यामुळे बारा वाजले, एक वाजला, तरी घमेली वर जातच राहिली. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. वर ऊन, खाली तापलेल्या सेंट्रिंगच्या पत्र्यांची धग.

त्या रांगेत माझा एक जुना विद्यार्थी होता. सातवीत माझ्या वर्गात होता, आता एकोणीस वर्षांचा. आधी तो दुकानात कामाला होता. बांधकामावरचा हा त्याचा दुसराच दिवस. दोनच्या सुमारास तो असंबद्ध बोलू लागला. "मॅडम, हजेरी झाली का?" असे त्याने मला विचारले. सगळे हसले, मीही हसले. थोड्याच वेळात तो जिन्यावर कोसळला. अंगाला हात लावला, तर तव्यासारखे तापलेले आणि कोरडे.

कोणी कांदा आणला, कोणी तोंडात पाणी ओतायला निघाले. शेजारच्या नर्सबाईंनी त्यांना अडवले. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घातले तर ते श्वासनलिकेत जाऊ शकते. त्यांनी त्याला सावलीत घेतले, शर्ट काढला, अंगावर पाणी ओतून पंखा लावला, मान आणि काखेत बर्फ ठेवला. तोवर १०८ ला फोन झाला. अल्लाहच्या कृपेने तो वाचला, पण तीन दिवस दवाखान्यात होता. त्याच्या अम्मीने मला एका शब्दाने बोल लावला नाही. तेच जास्त लागले.

डॉक्टरांनी नंतर नीट समजावले. घाम वाळतो तेव्हा शरीर थंड होते. कष्टाच्या कामात शरीर आतूनही तापते, आणि पाणी कमी पडले की ही व्यवस्था कोलमडते. आतले तापमान ४० अंशांच्या वर गेले की मेंदूवर परिणाम होतो. म्हणून माणूस बरळतो, अडखळतो. मूत्रपिंडांनाही इजा होते. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात, म्हणून नवख्या मजुराला पहिल्या काही दिवसांत धोका सर्वांत जास्त. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या सोहळ्यात लोक उघड्यावर नुसते बसलेले होते, तरी उष्माघाताने १४ जण गेले. डोक्यावर घमेले घेतलेल्याचे काय होत असेल?

घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी, ही शिकवण मी मुलांना सांगत आले आहे. त्या दिवशी त्याचा घाम आधीच आटला होता.

कडक उन्हाळ्यात जुहरची नमाज ऊन थोडे उतरेपर्यंत लांबवण्याची सवलत आपल्या दीनमध्ये आहे. विदर्भातल्या शाळा उन्हामुळेच राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा उघडतात. म्हणजे तो माझ्या वर्गात होता तोवर त्याला उन्हापासून जपण्याचा नियम होता. शाळा सुटली आणि तो नियमही सुटला. कुवेतमध्ये जून ते ऑगस्ट सकाळी ११ ते दुपारी ४ उघड्यावर काम करून घ्यायला बंदी आहे. जे तिथे सरकार ठरवते, ते आपल्या दारात आपण ठरवू शकतो.

आणखी एक गोष्ट मनात सलते. त्या स्लॅबला तडे जाऊ नयेत म्हणून पाणी मारायला मी वेगळा माणूस ठेवला होता. दहा-बारा मजुरांसाठी मात्र एकच माठ होता, आणि तो दुपारीच रिकामा झाला होता.

यंदा गिलाव्याचे काम काढले, तेव्हा आधी वेळ ठरवली. फजरनंतर सुरू, अकराला बंद, असरनंतर पुन्हा दोन तास. रोजी पूर्ण. सावलीला हिरवी जाळी, दोन माठ आणि मीठ-साखरेचे पाणी: एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. नवख्याला पहिला आठवडा हलके काम. कोणी बरळले की हसायचे नाही, लगेच सावलीत घ्यायचे. काम चार दिवस लांबले, एवढेच.

तो मुलगा परवा बाजारात भेटला. सलाम करून म्हणाला, "मॅडम, वरची खोली छान झाली म्हणे." मी हो म्हणाले. त्या खोलीच्या जिन्यावरून जाताना मला काय आठवते, ते त्याला सांगता आले नाही. म्हणून इथे लिहिले.