सातवी गल

काठी हातात घेऊन उभे राहण्याची सवय मला पंचवीस वर्षांची आहे. शाळेतली छडी आता कायद्याने गेली, फळ्यावरचे अक्षर दाखवायची काठी तेवढी उरली. तेव्हा गोल्फची काठी हातात आल्यावर मी बिचकायला नको होते. पण बिचकले.

त्याचे असे झाले. माझा धाकटा भाऊ स्कॉटलंडमध्ये डंडीला नोकरी करतो. २०२४ च्या मे महिन्याच्या सुट्टीत मी त्याच्याकडे गेले होते. चार दिवस मी त्याला पुरणपोळ्या करून घातल्या आणि पाचव्या दिवशी तो म्हणाला, "ताई, चल, आज तुला गोल्फ शिकवतो." टे नदीवरचा सव्वादोन किलोमीटरचा पूल ओलांडून आम्ही सेंट अँड्र्यूजला गेलो.

सेंट अँड्र्यूज ही गोल्फची पंढरी. १४५७ साली स्कॉटलंडच्या दुसऱ्या जेम्स राजाने या खेळावर बंदी घातली होती. लोक धनुर्विद्येचा सराव सोडून त्याच्याच नादी लागले म्हणून. आमच्या हेडमास्तरांनी मोबाइलवर घातलेल्या बंदीचे जे होते, तेच त्या बंदीचे झाले. मला वाटे, हा साहेबलोकांचा, कुंपणाआडचा खेळ. पण इथली जमीन गावाच्या मालकीची. जुन्या मैदानावर रविवारी एरवी खेळ बंद असतो आणि गावकरी तिथे कुत्री घेऊन फिरतात. इतर दिवशी तिथे खेळायचे तर आपल्या कुवतीचा दाखला लागतो. माझ्यापाशी तो कुठला! आम्ही गेलो बॅलगोव्ह नावाच्या धाकट्या मैदानावर. अठरांऐवजी नऊच होल, दाखल्याची अट नाही, आणि मागेपुढे शाळकरी पोरे.

याच गावात १८६७ साली बायकांनी आपला क्लब काढला. बाईमाणसाने काठी खांद्याच्या वर नेणे तेव्हा शोभत नसे, म्हणून त्यांच्या वाट्याला आले ते चेंडू हलकेच ढकलणे. त्यांच्या त्या उंचसखल हिरवळीला 'हिमालय' म्हणतात. हे ऐकल्यावर मी ओढणी कमरेला गुंडाळली आणि काठी खांद्याच्या वर नेली.

गोल्फचा होल म्हणजे आपल्या गोट्यांतली गलच. तोंड सव्वाचार इंचांचे. चेंडू पळत नाही, कोणी तो आपल्या अंगावर फेकत नाही. तो पुढ्यात गरीब गाईसारखा बसून असतो. आणि तरीही लागत नाही! "मान खाली ठेव, ताई," धाकटा सांगे. हे वाक्य मी वर्गात दिवसातून दहा वेळा बोलते. ते ऐकून घेणे इतके अवघड असेल असे वाटले नव्हते. मागची एक चिमुरडी मुलगी आपली पाळी येईपर्यंत माझ्याकडे अतिशय सभ्यपणे पाहत नव्हती. चाळीस मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकावरचा मुलगा खिडकीबाहेर का बघतो, ते मला तिसऱ्या होलपाशी कळले.

धाकटा मात्र एकदाही चिडला नाही. उखडलेले गवत तो पुन्हा जागच्या जागी बसवी, पायाने दाबी, आणि "पुन्हा मार," म्हणे.

सातव्या होलवर त्याचा चेंडू पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपात गेला. तो शोधायला गेला असताना मी काठी फिरवली. सूं करून वारा गेला, चेंडू तिथेच. चेंडूला मारायला काठी फिरवली की तो लागो न लागो, फटका मोजायचा, हे त्याने मला सुरुवातीलाच सांगितले होते. पुढे चेंडू गलीत पडल्यावर त्याने विचारले, "किती गं?"

"आठ," मी म्हणाले.

त्याने कार्डावर आठ लिहिले.

पुढचे दोन होल मी काय खेळले ते आठवत नाही. आठवत होते ते १९९८ साल. वडील बदलीच्या गावी होते, त्याच्या प्रगतिपुस्तकावर सही मी करीत असे. सातवीत गणितात त्याला ३१ मिळाले होते आणि त्याने एकाचा नऊ केला होता. मी तेव्हा नुकतीच शिक्षिका झालेले. त्याला हाताला धरून शाळेत नेले आणि साऱ्या वर्गासमोर कबूल करायला लावले. घरी आल्यावर तो जेवला नाही. त्या दिवसाबद्दल तो पुढे कधीही बोलला नाही. मीही नाही.

खेळ संपल्यावर बाकावर बसून तो बेरीज करू लागला.

"सातव्याचे नऊ कर," मी म्हणाले.

"हवेत गेलेला धरून?" त्याने मान वर न करता विचारले.

म्हणजे त्याने पाहिले होते.

"आठाचा नऊ नीट होत नाही गं. खाडाखोड दिसेल."

"दिसू दे," मी म्हणाले. "तुझा एकाचा नऊ मात्र सुरेख झाला होता. शाई निराळी नसती तर मला कळलाही नसता."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हसला, पण लगेच नाही. आठावर आडवी रेघ मारून त्याने शेजारी नऊ लिहिला आणि कार्ड माझ्यापुढे केले.

"इथे बाजूला सही कर. पालकाची."

मी केली.