हरिपूरचीं पेवें

सांगलीची हळदपेठ प्रसिद्ध आहे; पण ही हळद पूर्वीपासून सांठविली गेली ती जवळच्या हरिपुरांत, भूमीच्या पोटांत. कृष्णा-वारणेच्या संगमावर संगमेश्वराचें दर्शन घेऊन आम्ही तेथील पेवें पाहावयास गेलों. तोंडाशीं अरुंद, आंत विस्तीर्ण असा खड्डा. त्यांत हळकुंडें भरून तोंड मातीनें बंद करावयाचें. हवेचा शिरकाव नसल्यानें कीड जगत नाहीं व माल वर्षानुवर्षें टिकतो. म्हणूनच पेव उघडल्याबरोबर कोणी आंत उतरत नाहीं. सन २००५ च्या महापुरांत मात्र पाणी शिरून पुष्कळ पेवें निकामी झालीं.

परततांना आम्हांस आमच्या थोरल्या काकूंची आठवण झाली. फोडणींतील चिमूट, खोकल्यावरील हळद-दूध, कापलें-खरचटल्यास दाबावयाची पूड, हें सर्व त्यांच्या हातीं होतें. मुरगळलेल्या पायावरील लेपाचें त्यांचें प्रमाण कोणीं लिहून घेतलें नाहीं. तें त्यांच्याबरोबरच गेलें.

जखमेवरील याच हळदीचें पेटंट १९९५ सालीं अमेरिकेंत दिलें गेलें. तें १९९७ सालीं रद्द झालें, पण त्यासाठीं आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेस जुने ग्रंथ व छापील लेख पुढें करावे लागले. घरोघरच्या काकूंची तोंडी साक्ष तेथें पुरती ना!

हळकुंडें मातीनें राखिलीं. मुखोद्गत ज्ञानाचें पेव मात्र कागदच होय. तेव्हां घरांतील वडील माणसांजवळ बसून वाचकांनीं तें आजच वहींत उतरवावें, इतकीच आमची विनंती आहे.