सैल वेढा

"डॉक्टर, भाकरीचा घास इथं अडकतो," काकूंनी छातीवर बोट ठेवून दाखवलं. ऑपरेशनला दोन महिने झाले होते. रात्री घशाशी आंबट येतं म्हणून वर्षानुवर्षं तीन उशा घेऊन झोपणाऱ्या काकू आता आडव्या झोपत होत्या, पण पाण्याशिवाय घास उतरत नव्हता. अन्ननलिकेभोवती जठराचा वेढा मी घट्ट घातला होता. शेवटी एंडोस्कोपीतून फुगा घालून तो भाग रुंद करावा लागला, तोही दोनदा. तेव्हा मला वाटायचं, घट्ट म्हणजे पक्कं.

आपल्याकडे सगळ्यालाच 'पित्त' म्हणतात. काकूंच्या दुखण्यात अन्ननलिकेच्या तळाची झडप ढिली पडते आणि जठरातलं आम्ल वर चढतं. रुडॉल्फ निसेन यांनी १९५५ साली जठराचा वरचा भागच अन्ननलिकेभोवती गुंडाळला. १९९१ मध्ये बेल्जियममध्ये तेच दुर्बिणीतून झालं, आणि आज मीही पाच लहान छिद्रांतून तेच करतो.

छाती आणि पोटामधल्या पडद्याचं रुंदावलेलं भोक आधी टाक्यांनी बेताचं करायचं. मग प्लीहेकडून जठराला येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या सोडवायच्या आणि मोकळं झालेलं जठर अन्ननलिकेमागून उजवीकडे आणायचं. दोन्ही बाजू धरून मी ते ताक घुसळताना रवीची दोरी ओढावी तसं मागं-पुढं ओढतो. पीळ असेल तर अडतं. सोडल्याबरोबर डावीकडे पळालं, तर अजून ताण आहे, अजून सोडवायला हवं. इथं मी घाई करत नाही. मग भूलतज्ज्ञ तोंडातून जाड नळी सरकवतात आणि तिच्यावरच वेढा शिवायचा. लांबी फार तर दोन सेंटीमीटर. शिवून झाल्यावर वेढ्याखालून अवजाराचं टोक सहज गेलं पाहिजे.

अन्ननलिकेचा जोर कमी असेल, तर पाऊण वेढाच बरा. तो जोर मॅनोमेट्रीत कळतो, म्हणून त्या तपासणीशिवाय मी पेशंटला टेबलावर घेत नाही. चोवीस तासांच्या तपासणीत आम्ल वर येतच नसेल, तर ऑपरेशनला सरळ नाही म्हणतो. चुंबकी मण्यांचं कडं बसवता येतं, पडद्याच्या भोकातून जठर वर सरकलेला हर्निया अगदी लहान असेल तर तोंडावाटे एंडोस्कोपीतूनही झडप शिवता येते. पण माझा हात वेढ्यावर बसलाय.

दुसऱ्या दिवशी राउंडला पेज प्यायलेल्या पेशंटला माझा पहिला प्रश्न असतो, "ढेकर आला का?"

"आला, पण बारीक."

मग मी घरी जायचा कागद लिहायला घेतो.