पस्तीस आले कुठून?

वर्तकनगर, ठाणे

प्रिय नीलू,

तुझं पत्र परवा मिळालं. तोक्योत जाऊन इतकी वर्षं झाली तरी कागदाच्या कडेपर्यंत लिहायची तुझी सवय काही गेली नाही. इथे सगळीकडे धूळच धूळ. म्हाडाच्या जुन्या इमारती एकेक करून पाडताहेत, आणि पोखरण रोड ओलांडायचा म्हणजे जीव मुठीत धरायचा.

पण तुझ्या पत्रातली नातीच्या शाळेची हकीकत डोक्यातून जाईना. बाकीच्या वर्गांना लवकर घरी सोडलं, एकच वर्ग थांबवला, आणि मुख्याध्यापकांसकट सगळे शिक्षक भिंतीला लागून उभे राहून तो तास बघत होते! जुग्यो केन्क्यू म्हणतात ना त्याला? हेवा वाटला गं. आपल्याकडे वर्गात दुसरं कुणी शिरतं ते तपासायलाच. साहेब येणार म्हटलं की टाचणवही काढायची, फळ्यावर सुविचार लिहायचा, हुशार पोरं पुढच्या बाकावर. तूही केलंयस हे, नाही म्हणू नकोस.

शाळांनी आणि शिक्षकांनी एकमेकांच्या मदतीने शिकावं हे आपल्याला सुचलंच नाही असं मात्र नाही. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालातच शाळा संकुल सुचवलं होतं. हायस्कूल आणि आसपासच्या प्राथमिक शाळांनी एकमेकींच्या आधाराने चालायचं, अशी ती कल्पना. आयोगाचे सदस्य-सचिव कोण, तर आपले जे. पी. नाईक, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाचे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तेच संकुल पुन्हा आलंय. मधल्या काळात आपल्या राज्यात केंद्रप्रमुख आले, साधारण दहा शाळांमागे एक. त्यांनी शाळाशाळांत फिरून शिक्षकांना हात द्यावा ही अपेक्षा. पण त्या बिचाऱ्यांचा दिवस ‘आजच्या आज माहिती पाठवा’ हा निरोप पोचवण्यातच जातो. दर महिन्याची शिक्षण परिषदही बऱ्याचदा परिपत्रकाचं वाचन, चहा, वडा आणि ग्रुप फोटो यावर आटोपते.

तरी एक बैठक सांगते. निवृत्तीनंतर मी अधूनमधून इथल्या एका शाळेत जाते. तिथल्या तिसरीच्या बाईंनी एका मुलाची वही सगळ्यांपुढे टाकली. गणित होतं ४३ वजा १८, आणि पोराने उत्तर लिहिलं होतं ३५. खाली लाल फुली. “हे पस्तीस आले कुठून?” बाईंनी विचारलं. कुणी म्हणालं, लक्ष नसतं. कुणी म्हणालं, घरी कुणी बघत नाही. मुख्याध्यापिका मागच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनी वही मागून घेतली, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, “अहो, तो मोठ्यातून लहान वजा करतोय. आठातून तीन, चारातून एक. आपणच पहिलीत सांगतो ना, मोठ्यातून लहान काढा म्हणून?”

सगळे गप्प. मग चौथीचे सर उठले आणि आपल्या वर्गातल्या वह्या घेऊन आले. त्यांच्याही चार पोरांचं तेच! पुढचा तासभर काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधणं आणि सोडणं चाललं होतं. दशकाचा गठ्ठा मुलाने स्वतःच्या हाताने सोडल्याशिवाय हातच्याची वजाबाकी फळ्यावर घ्यायची नाही, असं पहिली ते चौथीच्या शिक्षकांनी मिळून ठरवलं. परिपत्रक नाही, आदेश नाही. हुकूम सोडायच्या जागी बाकावर बसून वही बघणारी मुख्याध्यापिका होती म्हणून हे झालं, असं माझं मत.

साताऱ्याच्या कुमठे बीटबद्दल, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटाबद्दल, तुला कुणी सांगितलंय का? तिथे विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतले शिक्षक मिळून शिकवण्याची पद्धतच बदलायला बसले. मुलं जमिनीवर, हातात साहित्य, फरशीवर आखलेले आकडे आणि अक्षरं. ते बघायला राज्यभरातून शिक्षक गेले, आणि २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झाल्यावर तर कुमठ्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी झालं. पुढे काय झालं ते ओळख. मी पाहिलेल्या कित्येक शाळांनी फरशा तेवढ्या रंगवून घेतल्या. रंग महिनाभरात आणता येतो. विस्तार अधिकारी आणि शिक्षक एकत्र बसून डोकं लावतात, ते कुणी उचललं नाही, कारण त्याला वेळ लागतो आणि त्याचा फोटो निघत नाही.

शिक्षकांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. मतदारयाद्या, पोर्टलं, पोषण आहाराचा हिशोब, यातून उरेल त्यात शिकवायचं. महिन्यातली एक दुपार तरी त्यांच्याकडून कुठलीही माहिती न मागता त्यांना द्या, एवढंच मागणं आहे.

आता तुला एक काम. नातीच्या शाळेत विचार, तो तास संपल्यावर चर्चेत आधी कोण बोलतं? तास घेणाऱ्या बाई की मुख्याध्यापक? आमच्याकडे आधी साहेब बोलतात, आणि मग कुणीच बोलत नाही. नीट विचारून सविस्तर कळव.

तुझी,
माधुरी