एक मिनिट

आशाच्या पिशवीत झोळीचा वजनकाटा असतो, थर्मामीटर असतं, बाळाला गुंडाळायचं कापड असतं आणि सेकंद दाखवणारं एक घड्याळ असतं. मी २००९ साली आशा झाले तेव्हा ही पिशवी नव्हती. २०११ नंतर बाळंतिणीच्या घरी जाऊन नवजात बाळ तपासायचं काम आलं आणि त्याबरोबर पिशवी आली. घड्याळ बघून माझ्या सासूबाई म्हणाल्या, "नोकरी लगी क्या गे तुजे? घड्याल भी दिये!" नोकरी नव्हती ती. आजही नाही. कामागणिक मोबदला. बाळाच्या सगळ्या भेटी झाल्या, फॉर्म भरून दिला, की अडीचशे रुपये.

प्रशिक्षण मात्र चांगलं झालं. सहावं आणि सातवं पुस्तक, पाच-पाच दिवसांचे चार टप्पे, तालुक्याच्या गावी. आमच्या तुकडीत मी एकटीच मुसलमान. दुपारी जोहरच्या वेळेला शिकवणाऱ्या मॅडमच म्हणायच्या, "त्या मागच्या खोलीत पंखा आहे, तिकडे पढा." नमाज उरकून येईपर्यंत धडा थांबवायच्या. असं कुणी वागलं की माणूस जास्त मन लावून शिकतं.

त्यांनी गडचिरोलीची हकिकत सांगितली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांतल्या बायांना शिकवून तयार केलं. त्या बाया घरोघरी जाऊन बाळं बघायच्या, आणि तिथले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. मॅडम म्हणाल्या, "त्या बाया काही डॉक्टर नव्हत्या. तुमच्यासारख्याच होत्या. पण त्यांनी दरवेळी बाळ उघडून बघितलं."

बाळ उघडून बघायचं. हात साबणाने धुवायचे. उलट्या हाताने आधी पोट, मग तळपाय चाचपायचे. पोट गरम, पाय गार, तर बाळ गारठायला लागलंय; दोन्ही गार, तर धोका. दूध ओढतंय का, पाय झाडतंय का, बेंबी लाल आहे का. आणि छाती उघडी ठेवून श्वास मोजायचे, पूर्ण एक मिनिट. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, कारण एवढ्याशा बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. मध्येच थांबतो, मध्येच पळतो. ६० किंवा वर आला तर पुन्हा मोजायचं. पुन्हा तेवढाच आला तर दवाखाना.

मोहल्ल्यात काम सुरू केलं तेव्हा वाद झाले ते वेगळ्याच गोष्टींवरून. एका घरी आजी म्हणाली, तीन अजान झाल्याशिवाय दूध पाजायचं नाही. दुसरीकडे बाळाला मध चाटवलेला. झोळीच्या काट्याला बघून एक चाची म्हणाल्या, "मटन है क्या तोलने को?" मी मौलानांकडे गेले. त्यांनी जुम्म्याला सांगितलं, की दुधाला उशीर लावायला दीन सांगत नाही, कुरआनात तर दोन वर्षं पाजायचा जिक्र आहे. मध मी ठामपणे बंद करवला. वर्षाच्या आतल्या बाळाला त्याने विषबाधा होऊ शकते. खजुराच्या रिवाजाशी भांडत बसले नाही. आधी आईचा चीक, एवढंच धरून राहिले. लोक मानले. मला वाटलं, जमलं मला हे काम.

२०१२चा डिसेंबर. माझ्या सख्ख्या नणंदेच्या लेकीचं बाळंतपण. सातव्या दिवसाची भेट. आपांनी चहा ठेवला, शिरा केला होता. बाळ गोधडीत गुंडाळून आईच्या कुशीत.

"भाबी, अब्बीच सोया है. नको उठाव. नजर लगती. तुम चा पीव."

परक्या घरात मी म्हटलं असतं, उठू दे, मी बघणारच. इथे म्हणाले नाही. आपांनी माझ्या लग्नात मला मेंदी लावली होती. माझ्या दोन्ही बाळंतपणांत त्यांनी रात्री जागवल्या होत्या. त्यांना मी काय शिकवायचं? वरून गाल बघितला, चांगला दिसला. "दूध पितंय?" "पीता है." चहा घेतला आणि घरी येऊन फॉर्म भरला. हातपाय गरम. श्वास, ४८.

४८ कुठून आले? कुठूनच नाही. चांगला आकडा वाटला.

दहाव्या दिवशी बाळाने दूध सोडलं. जीप करून जिल्ह्याला नेलं. जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेलं.

मला कुणी काही बोललं नाही. आपा म्हणाल्या, अल्ला की अमानत थी. सातव्या दिवशी श्वास मोजले असते तर काही दिसलं असतं का, मला सांगता येत नाही. कदाचित ४८च भरले असते. पण मी मोजले नव्हते, आणि माझ्या अक्षरात ते लिहिलेले होते. बाकीच्या भेटी झाल्या नाहीत म्हणून त्या फॉर्मचे पैसे आले नाहीत, यात मला एक प्रकारचा दिलासा वाटला. असा दिलासा वाटावा याचीही शरम वाटली.

आपांना मी हे सांगितलं तब्बल दोन वर्षांनी, रमजानमध्ये, इफ्तारीची भांडी घासताना. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मैंच नको बोली थी ना?" त्यावर मी काय बोलणार होते.

पुढे मी गटप्रवर्तक झाले. वीस-बावीस आशांच्या कामावर देखरेख. फॉर्म तपासताना मला एक खोड लागली: श्वासांचा रकाना आधी बघायचा. सगळ्या बाळांचे ४४, ४६, ४८ असतील तर समजायचं, बाईने मोजलेलं नाही. खरे आकडे असे नीटनेटके नसतात. पण त्या बाईला ओरडायचं कुठल्या तोंडाने? तिच्यामागे डझनभर रजिस्टरं आहेत, सर्वेक्षणं आहेत. २०२०मध्ये करोनाच्या काळात याच बायांना दारोदार पाठवलं. २०२३मध्ये मोबदल्यासाठी आम्हाला संपावर जावं लागलं. पैसे फॉर्मवर मिळतात, मग फॉर्म सुधारतो. बाळ त्या फॉर्मच्या बाहेर राहतं.

प्रशिक्षणातही मला एक गोष्ट खटकते. बाहुली गप्प असते. बाहुलीला आजी नसते. म्हणून मी माझ्या बैठकीत एकीला सासू करते, एकीला नणंद. त्यांना सांगते, हिला बाळाला हात लावू देऊ नका, चहा पाजून वाटेला लावा. बाया हसतात, फार छान नाटक करतात. पाचातल्या तीन तरी चहा पिऊन परत येतात. मग मी माझी गोष्ट सांगते. पहिल्यांदा सांगितली तेव्हा आवाज फुटत नव्हता.

गेल्या हिवाळ्यात एका नव्या आशाबरोबर भेटीला गेले. चौदावा दिवस. पोरगी चोवीस-पंचवीसची, मराठा घरातली, मोहल्ल्यात नवखी. आजी दारातच म्हणाली, "बाळ झोपलंय, ताई. आता चाळीस दिवसांचं न्हाण झाल्यावर या, बेचाळिसाव्याला येताच ना तुम्ही."

पोरीने माझ्याकडे बघितलं. मी मुद्दाम दुसरीकडे बघत राहिले.

"आजी, त्याला उठवत नाही," ती म्हणाली. "झोपलेल्या बाळाचेच श्वास नीट मोजता येतात. हात धुवायला पाणी देता? आणि दार लोटून घ्या, वारं नको."

तिने गोधडी बाजूला केली, झबलं वर केलं, घड्याळ मांडीवर ठेवलं. ओठ हलत होते. मिनिट संपल्यावर ती काही बोलली नाही. पुन्हा घड्याळ बघितलं, पुन्हा सुरुवात केली. आजी तिच्या तोंडाकडे बघत होती. मीही मनात मोजत होते.

"बासष्ट," ती म्हणाली. "पहिल्यांदा चौसष्ट आले."

मी १०८ला फोन लावला. तिने बाळाला आईच्या छातीला लावून वरून गोधडी गुंडाळली आणि आजीला विचारलं, टोपडं कुठे आहे. आजी टोपडं शोधायला उठली. चुलीवरचा चहा तसाच उकळत होता.